मुद्दल तेवढंच घ्यावं

मागच्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत वाद झाला. एका काकूंचा बैल पोळ्याच्या तोंडावर गेला आणि त्यांचे चार हप्ते थकले. व्याज सोडायचं की नाही, यावरून गटात दोन तट पडले. मला विचारलं, तर मला उत्तर देता येईना. घरी येऊन बीएची इतिहासाची पुस्तकं काढून बसले, कारण हा प्रश्न आपल्या मुलखात फार जुना आहे.

सुरुवात आपल्याच शहरापासून करते. १६१० साली खडकी वसवणारा मलिक अंबर हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. पुढे तोच निजामशाहीचा कारभारी झाला. त्याची नहर आपल्याला माहीत असते, शेतसारा मात्र कुणी सांगत नाही. तेव्हा सारा वसुलीचा मक्ता दिला जाई, आणि मक्तेदार रयतेला पिळून आपला पैसा काढून घेई. अंबरानं ही पद्धत मोडली. जमिनीची प्रत बघून, पीक किती आलं ते बघून सारा ठरू लागला, आणि वसुलीची जबाबदारी गावच्या पाटलाकडे आली. १६२६ साली तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे, सहलीला जाता तेव्हा बघून या. पुढे चारच वर्षांत मोठा दुष्काळ पडला. त्यात लढाया, त्यामुळे गावंच्या गावं ओस पडली.

ओस गाव पुन्हा कसं वसवायचं, हे शिवाजी महाराजांच्या एका पत्रात दिसतं. ५ सप्टेंबर १६७६ चं हे पत्र कोकणातल्या प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेलं आहे. मला ते फार आवडतं, कारण त्यात सगळी कामाची भाषा आहे. महाराज सुभेदाराला गावोगाव फिरायला सांगतात. कुणबी गोळा करा, कुणाकडे माणूसबळ किती, बैल किती, दाणे किती ते बघा. ज्याच्या अंगात कष्ट करायची ताकद आहे, पण बैल-नांगर नाही आणि पोटाला दाणे नाहीत, तो अडून बसलेला असतो. त्याला बैलांसाठी रोख पैसे द्या, खंडी-दोन खंडी दाणे द्या, आणि त्याच्यानं होईल तेवढी जमीन करू द्या. परतफेडीचं काय? वाढ-दिढी न लावता फक्त मुद्दल घ्यावं, तेही त्याला ऐपत येईल तसं, हळूहळू. यासाठी दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी चालेल. लारी म्हणजे तेव्हाचं चांदीचं नाणं. जुन्या बाकीपायी कुणी मोडत असेल, तर तीही सोडण्याची तयारी पत्रात आहे.

(पत्रात कुणब्याच्या बायकोचा उल्लेख नाही. निंदणी-खुरपणी कोण करत होतं, ते आपल्याला सांगायला नको.)

मला विशेष वाटतं ते असं, की यात दया आहे, पण हिशोब सुटलेला नाही. आधी घरोघर बघा, मग द्या, आणि दिलेलं मुद्दल परत घ्या. तुकाराम महाराजांनी सावकारीची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, असं आपण ऐकत आलो. पण ती त्यांच्या घरची होती. गटाचा पैसा कुणा एकीचा नसतो, तो दहा जणींच्या बचतीचा असतो. काकूंच्या विरुद्ध बोलणाऱ्या बाईची मुलगी बाळंतपणाला आलेली होती, तिलाही कर्ज हवं होतं. तिचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही.

तरी पुढच्या बैठकीत आम्ही एक केलं. वाद घालण्याआधी तिघी जणी काकूंच्या घरी गेलो. गोठा बघितला, कपाशी बघितली. बोंडं बरी होती, वेचणीला मात्र माणूस नव्हतं. काकू म्हणाल्या, "मला सूट नको, वेळ द्या." मग चार महिन्यांचं व्याज बाजूला ठेवलं आणि मुद्दलाचे छोटे हप्ते कापूस विकल्यावर घ्यायचे, असं इतिवृत्तात लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. त्या दुसऱ्या बाईनं सर्वांत शेवटी सही केली, तीही जरा कुरकुरतच. पण वेचणीच्या दिवशी ओटी बांधून सगळ्यांत आधी तीच रानात हजर होती.