फळ्यावरची नव्वद नावे

यादी एक्क्याऐंशी नावांची आहे. नऊ संघ, नऊ फेऱ्या आणि दर फेरीत प्रत्येक संघाला एक नाव. नावापुढे खेळाडूची मैदानावरची जागा आणि त्याचे कॉलेज, बस. किंमत लिहिलेली नाही. ज्याचे नाव लिहिले त्याने होकार दिला की नाही, यासाठी तर रकानाच नाही. ८ फेब्रुवारी १९३६ च्या शनिवारी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात रिट्झ-कार्लटन हॉटेलात ही निवड झाली. नॅशनल फुटबॉल लीगचा, म्हणजे एनएफएलचा, हा पहिला ड्राफ्ट.

हे फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळण्याचे अमेरिकन फुटबॉल. आणि ड्राफ्ट म्हणजे आपण आयपीएलमध्ये पाहतो तसा लिलाव नव्हे. लिलावात बोली चढते, ड्राफ्टमध्ये बोली बंद होते. तळाच्या संघाने आधी नाव घ्यायचे, मग त्याच्या वरच्याने. एकदा नाव घेतले गेले की त्या खेळाडूशी लीगमधला दुसरा कोणताही संघ बोलणी करणार नाही.

नव्वद वर्षांनंतर या निवडी कशा ठरल्या ते पाहायचे, तर हाताशी चार प्रकारची साधने आहेत. निवडीची यादी, संघांच्या वर्षवार नोंदी, वर्तमानपत्रे आणि त्या खोलीतल्या किंवा यादीतल्या माणसांनी पुढे सांगितलेल्या आठवणी. पहिली दोन कोरडी पण भरवशाची. चौथे साधन सर्वांत रसाळ, म्हणून तिथे सर्वांत जपून पाऊल टाकायचे.

यादीतला क्रमच आधी पाहू. पहिला फिलाडेल्फिया ईगल्स. १९३५ च्या हंगामात त्यांनी दोन सामने जिंकले होते आणि नऊ गमावले होते, तेव्हा ते ठीक. पण शेवटचे नाव न्यूयॉर्क जायंट्सचे आहे, आणि त्या हंगामाचे विजेते डिट्रॉइट लायन्स. अंतिम सामन्यात लायन्सनी जायंट्सना २६–७ असे हरवले होते. मग लायन्स आठवे कसे? तक्ता काढला की उलगडा होतो. जायंट्स ९ विजय, ३ पराभव. लायन्स ७ विजय, ३ पराभव, २ बरोबरी. टक्केवारीत जायंट्स पुढे. म्हणजे क्रम लावताना मालकांनी चषक कोणाकडे गेला ते पाहिले नाही, फक्त साखळी सामन्यांची टक्केवारी पाहिली.

कल्पना ईगल्सच्या मालकाची, बर्ट बेलची. रिट्झ-कार्लटन हे त्याच्या घराण्याकडचे हॉटेल, त्यामुळे पाहुणचारही त्याचाच. मे १९३५ मध्ये मालकांच्या बैठकीत त्याने हा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. यामागे बेल स्वतः एक गोष्ट सांगत असे. मिनेसोटा विद्यापीठाचा स्टॅन कॉस्टका नावाचा फुलबॅक त्याला हवा होता. बोली वाढत गेली आणि बेल हात हलवत परत आला. कॉस्टका ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळला, तेही एकच हंगाम. गोष्टीतले आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात. पण १९३५ चा कॉस्टका ब्रुकलिनच्या नोंदीत आहे, त्यामुळे गाभा खरा मानायला हरकत नाही.

दुबळ्या संघाला बळ मिळावे, हा ठरावाचा उघड हेतू. पण त्याच ठरावाने खेळाडूसमोरचे नऊ मालक कमी होऊन एकच उरला, आणि मजुरी आपोआप आटोक्यात आली. मालकांना हे कळत नव्हते असे समजणे भाबडेपणाचे होईल. शिकागो बेअर्सचा जॉर्ज हॅलस आणि जायंट्सचा टिम मारा या बलाढ्य संघांच्या मालकांनीही हात वर केला, त्यात लीग टिकावी ही काळजी होतीच, पण पगाराचे गणितही असणार.

खोलीतल्या फळ्यावर सुमारे नव्वद नावे लिहिलेली होती, असे सगळे सांगतात. आज एकेका खेळाडूमागे हेर असतात, मोजमापे असतात, चित्रफिती असतात. तेव्हा बहुतेक मालकांचा आधार वर्तमानपत्रे आणि त्यांत छापून येणारे ‘ऑल-अमेरिकन’ संघ. म्हणजे नाव ऐकलेले असणे हीच पात्रता.

या निकषावर पहिले नाव कोणते असणार याबद्दल शंका नव्हती. जे बर्वँगर. शिकागो विद्यापीठाचा हाफबॅक, डुब्यूक या आयोवातल्या गावचा. डिसेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या डाउनटाउन अ‍ॅथलेटिक क्लबने सुरू केलेला चषक पहिल्यांदा त्यालाच मिळाला होता. पुढच्याच वर्षी या चषकाला जॉन हाइसमन यांचे नाव दिले गेले, आणि आज तो कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत मोठा मान आहे. (१९३४ मध्ये मिशिगनच्या एका खेळाडूने बर्वँगरला अडवताना डाव्या डोळ्याखाली जखम करून घेतली होती. तो व्रण घेऊन तो खेळाडू पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. जेराल्ड फोर्ड. त्यानेही व्यावसायिक संघांचे प्रस्ताव नाकारले होते.)

ईगल्सनी बर्वँगरचे नाव घेतले आणि त्याच्यावरचा हक्क शिकागो बेअर्सला दिला. मोबदल्यात मिळाला आर्ट बस हा टॅकल. ही देवाणघेवाण नोंदींतही दिसते. बस १९३४ आणि १९३५ मध्ये बेअर्सच्या यादीत आहे, १९३६ आणि १९३७ मध्ये ईगल्सच्या. बर्वँगर मात्र कोणाच्याच यादीत नाही.

का नाही, याची उत्तरे अनेक. कुठे त्याने सामन्याला हजार डॉलर मागितले असे लिहिलेले सापडते, कुठे वर्षाला पंधरा हजार. बर्वँगरने स्वतः पुढे सांगितलेली हकिकत वेगळी. एका संध्याकाळी तो मैत्रिणीबरोबर असताना हॅलस भेटला. गप्पा झाल्या. दोन वर्षांचे पंचवीस हजार, आणि मधेच संघाबाहेर काढायचे नाही, असे त्याने सांगितले. दोघांनी हस्तांदोलन केले, निरोप घेतला, आणि मैत्री कायम राहिली. याशिवाय बर्लिन ऑलिंपिकमध्ये डेकॅथलॉन खेळण्याची त्याला आशा होती आणि व्यावसायिक करारावर सही केली असती तर हौशी दर्जा गेला असता. शेवटी बर्लिनलाही तो गेला नाही.

आकड्यांच्या या गोंधळात खरा आकडा शोधत बसण्यापेक्षा त्यांतले साम्य पाहावे. प्रत्येक आकडा मंदीच्या काळातल्या त्या लीगला न परवडणारा आहे. माझा अंदाज असा, की ती मागणी नव्हतीच, सभ्य भाषेतला नकार होता. बर्वँगर रबराच्या धंद्यात शिरला, काही काळ आपल्याच विद्यापीठात फुटबॉल शिकवत राहिला, वर्तमानपत्रात लिहीत राहिला, युद्धकाळात नौदलात होता. पुढे मोटारी आणि शेतीयंत्रांना लागणाऱ्या रबराच्या व प्लास्टिकच्या पट्ट्या बनवण्याचा स्वतःचा कारखाना काढून तो सुखवस्तू झाला. पहिला हाइसमन चषक कित्येक वर्षे त्याच्या मावशीकडे दार अडकवायला ठेवलेला होता. २००२ मध्ये ८८ व्या वर्षी तो वारला. एनएफएलच्या इतिहासात पहिल्याच निवडीपुढे शून्य सामने लिहिलेले आहेत.

दुसरे नाव रायली स्मिथ, अलाबामाचा, बॉस्टन रेडस्किन्सने घेतलेला. ड्राफ्टमधून येऊन प्रत्यक्ष खेळलेल्यांत यादीतला सर्वांत वरचा माणूस तो. तीन हंगाम खेळला.

तिसऱ्या नावापाशी मात्र थांबावे लागते. बिल शेक्सपिअर, नोत्र दाम विद्यापीठ, हाफबॅक. आडनावामुळे लोक त्याला ‘द बार्ड’ म्हणत. २ नोव्हेंबर १९३५ ला कोलंबस इथे नोत्र दाम आणि ओहायो स्टेट यांच्यात सामना झाला. चौथ्या डावाला सुरुवात झाली तेव्हा नोत्र दाम १३–० असे मागे होते. संपताना १८–१३ असे पुढे. घड्याळात काही सेकंद उरलेले असताना शेक्सपिअरने चेंडू फेकला आणि गोलपट्ट्यात वेन मिलनर नावाच्या एंडने तो झेलला. देशभर त्या फेकीचा गाजावाजा झाला.

तीन महिन्यांनी फळ्यावर दोघांचीही नावे होती. फेकणाऱ्याला पिट्सबर्गने तिसऱ्या क्रमांकावर उचलले. झेलणाऱ्याला बॉस्टनने आठव्या फेरीत, ६५ व्या क्रमांकावर. शेक्सपिअर एकही व्यावसायिक सामना खेळला नाही. तोही पुढे रबराच्याच उद्योगात वर चढला, हा योगायोग नोंदवून ठेवतो. मिलनर लगेच बॉस्टनला गेला. पुढच्या वर्षी संघाने वॉशिंग्टनला बिऱ्हाड हलवले आणि डिसेंबर १९३७ च्या अंतिम सामन्यात बेअर्सविरुद्ध मिलनरने दोन टचडाउन केले. वॉशिंग्टनने तो सामना २८–२१ असा जिंकला. १९६८ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या मानकऱ्यांत, घेतले. एकाच चेंडूची ही दोन टोके. वर्तमानपत्राच्या मथळ्यात फेकणाऱ्याचे नाव मोठे येते, आणि मालक मथळे वाचत होते.

पहिल्या फेरीतून हॉल ऑफ फेमपर्यंत पोहोचला तो एकच, बेअर्सने सहाव्या क्रमांकावर घेतलेला टॅकल जो स्टायडहार. दुसऱ्या फेरीच्या अगदी शेवटी, १८ व्या क्रमांकावर, जायंट्सनी टफी लीमन्सचे नाव घेतले. या निवडीमागे वर्तमानपत्र नव्हते. टिम माराचा मुलगा वेलिंग्टन तेव्हा फोर्डम विद्यापीठात शिकत होता. लीमन्स जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाचा, म्हणजे फार बोलबाला नसलेल्या संघाचा. वेलिंग्टन स्वतः वॉशिंग्टनला जाऊन त्याला भेटला. हा पोरगा सही मागायला आला आहे असे लीमन्सला वाटले, ही आठवण पुढे वारंवार सांगितली गेली. पहिल्याच हंगामात लीमन्सने ८३० यार्ड धाव घेतली. लीगमध्ये त्याच्यापुढे कोणी नव्हते.

आणि मग डॅन फोर्टमन. नववी फेरी, ७८ वे नाव. त्याच्यानंतर फळ्यावरून फक्त तीन नावे उचलली गेली. कोलगेट विद्यापीठाचा हा गार्ड तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याचे नाव कानाला बरे वाटले म्हणून हॅलसने घेतले, अशी दंतकथा आहे. ती घटकाभर करमणूक म्हणून ऐकावी. यशस्वी निवडीची गोष्ट निवड यशस्वी ठरल्यानंतरच रचली जाते. अपयशी निवडीमागे कोणाला काय बरे वाटले होते ते कोणी सांगत नाही. जे कागदावर आहे ते अधिक नवलाचे आहे. फोर्टमनला डॉक्टर व्हायचे होते. हॅलसने त्याला सांभाळून घेतले आणि तो खेळता खेळता वैद्यकीचे शिक्षण पुरे करत राहिला, तेही शिकागो विद्यापीठात, ज्या विद्यापीठाच्या बर्वँगरने त्याच हॅलसला हसत नकार दिला होता. १९४० च्या अंतिम सामन्यात बेअर्सने वॉशिंग्टनचा ७३–० असा धुव्वा उडवला, तेव्हा फळीत स्टायडहार होता आणि फोर्टमनही. पुढे फोर्टमन डॉक्टर म्हणून नावारूपाला आला. १९६५ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला.

स्टायडहार, लीमन्स, मिलनर, फोर्टमन. एक्क्याऐंशीतले चार.

उरलेल्यांचे काय? यादीतले सुमारे एक तृतीयांशच त्या वर्षी लीगमध्ये खेळले. ब्रुकलिनने चौथ्या फेरीत पॉल ब्रायंट नावाचा अलाबामाचा एंड निवडला होता. तो आला नाही, प्रशिक्षक झाला. ‘बेअर’ ब्रायंट या नावाने १९८२ मध्ये निवृत्त होताना त्याच्या खात्यात ३२३ विजय होते, तेव्हाचा विक्रम. डिट्रॉइटने निवडलेला एब मिकल स्त्रीरोगतज्ज्ञ झाला. ‘वाया गेलेली निवड’ असे ज्याला लीगच्या इतिहासात म्हणतात, ते त्या माणसांच्या घरी कोणी म्हटले असेल असे वाटत नाही. १९३६ मध्ये व्यावसायिक फुटबॉल हा शिकलेल्या मुलाने धरावा असा धंदाच नव्हता. यादीतल्या चुकांपैकी निम्म्याहून अधिक चुका खेळाच्या पारखीतल्या नाहीत. मालकांनी मुलगे पाहिले, मुलांनी स्थळ नाकारले.

फळ्यावर जी नावे येऊच शकत नव्हती, त्यांचीही नोंद घ्यायला हवी. १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. ठरावात तसे कलम शोधायला गेले तर हाती काही लागत नाही. पुरावा आहे तो संघांच्या वर्षवार याद्यांत. ड्राफ्टमध्ये पहिल्यांदा कृष्णवर्णीय खेळाडूची निवड झाली ती १९४९ च्या ड्राफ्टमध्ये, जॉर्ज टॅलिफेरो याची.

आता यजमानाकडे येऊ. बेलने त्या दिवशी नऊ नावे घेतली आणि नऊपैकी एकाशीही ईगल्सचा करार होऊ शकला नाही. १९३६ मध्ये बेल स्वतःच प्रशिक्षक झाला. संघाने एक सामना जिंकला, अकरा गमावले. तळाला राहिल्यामुळे १९३७ च्या ड्राफ्टमध्येही पहिले नाव घेण्याचा मान ईगल्सकडेच आला. या वेळी त्यांनी नेब्रास्काचा फुलबॅक सॅम फ्रान्सिस निवडला. बर्वँगरला ज्या बर्लिनला जायचे होते तिथे फ्रान्सिस जाऊन आला होता, आणि गोळाफेकीत चौथा आला होता. त्याच्यावरचा हक्कही बेलने शिकागो बेअर्सलाच दिला. बदल्यात आला बिल ह्यूइट, डोक्यावर शिरस्त्राण न घालता खेळण्यासाठी प्रसिद्ध असलेला एंड. ह्यूइट हॉल ऑफ फेममध्ये आहे. ड्राफ्टच्या कोणत्याही यादीत मात्र तो नाही. बेअर्सकडे तो १९३२ मध्येच आला होता, आपला आपण.