पेशीतील जाळे

एकाच प्रकरणाच्या दोन फायली दोन शाखांत स्वतंत्रपणे वाढत राहाव्यात आणि बरीच वर्षे कोणाच्या ध्यानी येऊ नये, हा अनुभव आम्हां सरकारी नोकरांना नवा नाही. श्रोत्यांना कदाचित नवल वाटेल, पण प्राणिमात्राच्या पेशीसंबंधीचा एक मोठा शोध नेमका असाच लागला.

१८९७ साली फ्रान्समध्ये चार्ल्स गार्निए याने ग्रंथींच्या पेशींत, विशिष्ट रंग भरभरून शोषणारे तंतू पाहिले व त्या भागास ‘अर्गास्टोप्लाझ्म’, म्हणजे कार्यकारी द्रव्य, असे नाव दिले. परंतु साध्या सूक्ष्मदर्शकाला मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाहून बारीक तपशील दिसत नाही. पेशी मारून रंगवताना झालेला हा भास असावा, अशी शंका निघाली आणि हे तंतू विस्मृतीत गेले.

पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत आल्बेर क्लोद पेशी फोडून त्यांचा लगदा यंत्रात गरगर फिरवीत असे. तळाशी बसणाऱ्या अतिसूक्ष्म कणांना त्याने ‘मायक्रोसोम’ म्हटले. ही पहिली फाईल. १९४५ साली कीथ पोर्टर, क्लोद व फुलम यांनी कोंबडीच्या गर्भाची अखंड पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली टिपली. काचपात्रात वाढताना ती इतकी पातळ पसरली होती, की इलेक्ट्रॉन तिच्यातून पार गेले. आत नाजूक लेससारखे जाळे दिसले. ते कडेपर्यंत पोहोचत नव्हते, म्हणून पोर्टरने त्यास आंतर्द्रव्यजालिका म्हटले. अनेक पेशींत ते कडेपर्यंतही जाते, हे नंतर कळले. नाव मात्र तेच राहिले! ही दुसरी फाईल. गंमत अशी, की क्लोदची सही दोहोंवर होती.

फायली एकत्र जोडल्या त्या रुमानियाहून आलेल्या जॉर्ज पलाडे याने. जाळे म्हणजे पातळ पडद्यांच्या चपट्या पिशव्या, आणि त्यांपैकी कित्येकींच्या बाह्यांगावर दाट, बारीक कण चिकटलेले असतात, हे त्याने १९५५ साली दाखवले. या कणांना १९५८ साली ‘रायबोसोम’ हे नाव मिळाले. त्यांच्यामुळे जो भाग खरखरीत दिसतो, तीच खडबडीत जालिका होय. सीकेव्हिट्झसह त्याने १९५६ साली सिद्ध केले, की मायक्रोसोम हे बहुतांशी याच जाळ्याचे फुटके तुकडे आहेत. गार्निएचे तंतूही तेच. भास नव्हता तर!

मग प्रश्न उरला कार्याचा. गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या कापांना जेमीसन व पलाडे यांनी तीन मिनिटे किरणोत्सर्गी ल्युसीन दिले. ते प्रथम खडबडीत जालिकेत सापडले, नंतर गॉल्जी भागात, आणि सुमारे दोन तासांनी पाचक रसाच्या साठवणीच्या कणांत. प्रथिने इथे घडतात, आत शिरतात आणि टप्प्याटप्प्याने बाहेरच्या वाटेला लागतात.

१९७४ साली क्लोद, पलाडे व द ड्यूव्ह यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एका पारितोषिकाचे मानकरी तिघांहून अधिक असू शकत नाहीत, हा नियम खराच. तरीही ज्याने जाळ्याला नाव दिले, तो पोर्टर त्या यादीत नव्हता, हे मला अद्यापही खटकते.