शिडाच्या नौकेची रचना-गुणोत्तरे

शिडाच्या नौकेची लांबी, रुंदी, वजन आणि शिडांचे क्षेत्रफळ या आराखड्यातील मापांवरून काढलेल्या संख्यांना नौकेची रचना-गुणोत्तरे म्हणतात. नौका किती वेगाने जाईल, लाटांवर कशी डोलेल आणि उलटण्याचा धोका कितपत आहे, याचा अंदाज त्यांवरून बांधता येतो. ही गुणोत्तरे प्रामुख्याने दोन नौकांची तुलना करण्यासाठी असतात. सुरक्षिततेचे प्रमाणपत्र म्हणून ती वाचणे चुकीचे ठरते. प्रचलित सूत्रे फूट आणि पौंड या मापांत मांडलेली असल्यामुळे येथेही तीच मापे वापरली आहेत.

मूळ मापे

नौकेची एकूण लांबी आणि जलरेषेवरील लांबी यांत फरक करावा लागतो. पाण्याला टेकलेला भाग जेवढा लांब, तेवढीच लांबी वेगाच्या हिशेबात येते. नौका जेवढे पाणी बाजूला सारते त्या पाण्याच्या वजनास विस्थापन म्हणतात आणि आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार ते नौकेच्या वजनाइतकेच असते. नौका सरळ राहावी म्हणून तळाच्या कीलमध्ये घातलेले शिसे किंवा लोखंड म्हणजे नीरम.

पुढील विवेचनात दोन अमेरिकी नौका उदाहरणादाखल घेतल्या आहेत. वेस्टसेल ३२ ही दूरच्या सागरप्रवासाची जड नौका आहे : एकूण लांबी ३२ फूट, जलरेषा २७.५ फूट, रुंदी ११ फूट, विस्थापन १९,५०० पौंड, नीरम ७,००० पौंड, शिडे ६२९ चौरस फूट. जे/२४ ही शर्यतीची हलकी नौका आहे : एकूण लांबी २४ फूट, जलरेषा २० फूट, रुंदी ८.९२ फूट, विस्थापन ३,१०० पौंड, नीरम ९५० पौंड, शिडे २६१ चौरस फूट.

वेगाची गुणोत्तरे

चालती नौका स्वतःच एक लाट निर्माण करते आणि वेग वाढत जातो तशी ती लाट लांबत जाते. लाटेची लांबी जलरेषेइतकी झाली की नौका तिच्या दोन शिखरांमध्ये अडकल्यासारखी होते. हा वेग नॉटमध्ये काढण्यासाठी जलरेषेच्या लांबीच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणतात. वेस्टसेलसाठी तो सुमारे ७ आणि जे/२४ साठी ६ नॉट येतो. तथापि हलकी, सपाट तळाची नौका मागून येणाऱ्या लाटेवर स्वार होऊन ही मर्यादा ओलांडू शकते. जड नौकेला ते क्वचितच साधते.

विस्थापन-लांबी गुणोत्तर काढताना विस्थापनाचे टन (१ टन = २,२४० पौंड) करून त्यास जलरेषेच्या शंभराव्या भागाच्या घनाने भागतात. २०० पेक्षा कमी उत्तर हलक्या आणि ३०० पेक्षा अधिक उत्तर जड नौकेचे मानले जाते. जे/२४ चे उत्तर १७३, तर वेस्टसेलचे तब्बल ४१९ आहे. शीड-विस्थापन गुणोत्तरात विस्थापनाला ६४ ने (एक घनफूट समुद्राच्या पाण्याचे पौंडातील वजन) भागून येणाऱ्या संख्येचा २/३ घात काढतात व त्याने शिडांच्या क्षेत्रफळाला भागतात. येथे वेस्टसेलला १३.९ आणि जे/२४ ला १९.६ मिळतात. हे गणित शाळकरी विद्यार्थीही मांडू शकतो. अडतो तो फार तर घनमुळापाशी. मंद वाऱ्यात वेस्टसेल का रेंगाळते हे या दोन आकड्यांवरून कळते.

उलटण्याचे गुणोत्तर

ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंड व आयर्लंडदरम्यानच्या फास्टनेट शर्यतीत ३०३ नौका उतरल्या होत्या. वाटेत गाठलेल्या वादळात १५ स्पर्धकांचा मृत्यू झाला. २४ नौका माणसांनी सोडून दिल्या. त्यांपैकी ५ बुडाल्या, उरलेल्या नंतर सापडल्या. या दुर्घटनेनंतर रुंद व हलक्या नौकांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले आणि अमेरिकेत एक सोपे चाळणीसूत्र पुढे आले : रुंदीला, विस्थापन भागिले ६४ याच्या घनमुळाने भागावे, उत्तर २ किंवा कमी असल्यास नौका खुल्या समुद्रास योग्य समजावी. वेस्टसेलचे उत्तर १.६३, जे/२४ चे २.४५.

सूत्रामागील विचार योग्य आहे. रुंद नौका सरळ असताना स्थिर असते, पण पालथी झाल्यावर त्या अवस्थेतही तितक्याच हट्टाने स्थिर राहते. परंतु सूत्रात गुरुत्वमध्याची उंची कोठेच येत नाही. वेस्टसेलच्या छपरावर ३,००० पौंड सामान रचले तर ती निश्चितच अधिक धोकादायक होईल; सूत्राचे उत्तर मात्र १.६३ वरून १.५६ वर येऊन ती अधिक सुरक्षित झाल्याचे सांगेल. नीरमाचे प्रमाणही असेच अपुरे आहे. वेस्टसेलमध्ये ते ३६ आणि जे/२४ मध्ये ३१ टक्के असले, तरी तोच धातू किती खोल बसवला आहे हे टक्केवारीतून कळत नाही. डोलकाठीचाही उल्लेख कोणत्याच गुणोत्तरात नाही. तिच्या वजनामुळे गुरुत्वमध्य वर सरकतो हे खरे, पण तेच उंचावरचे वजन लाटेच्या आकस्मिक धक्क्याने नौका गर्रकन फिरण्यास विरोध करते. म्हणूनच डोलकाठी मोडलेली नौका पुन्हा उलटण्याची शक्यता वाढते.

खरी कसोटी सावरण्याच्या मर्यादा-कोनाची असते. नौका जितकी कलल्यावरही आपोआप सरळ होते तो हा कोन. त्यापुढे गेल्यास ती पालथी होऊन तशीच राहते. आयएसओ १२२१७ या आंतरराष्ट्रीय मानकात खुल्या महासागराच्या ‘अ’ वर्गातील शिडाच्या नौकांसाठी हा कोन १०० अंशांपेक्षा कमी चालत नाही. हलक्या नौकांना अट आणखी कडक आहे. हा कोन ठरवण्यासाठी गुरुत्वमध्याची जागा माहीत असावी लागते. नौका विकत घेणाऱ्याने विक्रेत्याकडे प्रथम याचीच मागणी करावी.

सुहेली व तिची भावंडे

वेस्टसेलचा आराखडा विल्यम ॲटकिन यांच्या ‘एरिक’ या आराखड्यावरून विकसित झाला, आणि त्याच ‘एरिक’वरून मुंबईत सागवानी लाकडात ‘सुहेली’ बांधली गेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या काळात तिच्यातून एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिलेच. सरासरी वेग जेमतेम ४ नॉट होता. दक्षिणी महासागरात लाटेने सुहेली आडवी पाडली, तिची केबिन जागची हलली, तरी ती पुन्हा उभी राहिली. १९९१ च्या ऑक्टोबरअखेरच्या अटलांटिक वादळात ‘सॅटोरी’ या वेस्टसेल ३२ मधील माणसांना अमेरिकी तटरक्षक दलाने काढून घेतले. रिकामी नौका पुढे किनाऱ्याला लागलेली सापडली.

याच घराण्याचा दुसरा अनुभवही नोंदवणे आवश्यक आहे. सुहेलीची प्रतिकृती म्हणून गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ घेऊन भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले होते. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात थुरियाने कोलांटी घेतली, डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. काही दिवसांनी फ्रेंच जहाज ‘ओसिरिस’ने त्यांची सुटका केली. थुरिया तेव्हाही तरंगत होती.