देसाईगंज ते जिनिव्हा

भगिनींनो, स्मरणिकेसाठी आपल्या भागाच्या इतिहासावर चार शब्द लिहावेत, असे मंडळाने मला सांगितले. इतिहास म्हटला की आपल्याला चांद्याचा परकोट आणि गोंड राजे आठवतात. परंतु याच मुलखातील एका मजूर मुलीमुळे देशाचा कायदा बदलला, हाही इतिहासच होय. तो मुलींना फारसा कोणी सांगत नाही, म्हणून मी येथे सांगते.

२६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. गडचिरोली जिल्हा १९८२ साली झाला. सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडले, १९७६ साली नागपूर खंडपीठाने दोषी ठरविले आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मुक्त केले. अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, हे त्यामागील एक कारण होते. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. दबून गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हा त्यातील मुख्य मुद्दा. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा सुधारला.

कोणी म्हणेल, पोलीस ठाण्याचा आणि कामाच्या जागेचा संबंध काय? संबंध सत्तेचा आहे. ज्याच्या हाती आपली रोजी, त्याच्यापुढेही बाई अशीच गप्प राहते.

राजस्थानात सरकारी योजनेत साथिन म्हणून काम करणाऱ्या भंवरीदेवींवर १९९२ साली अत्याचार झाला. त्यातून निघालेल्या विशाखा खटल्यात १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कामाच्या जागी स्त्रीचा छळ होऊ न देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. स्त्रियांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९३ साली मान्य केला होता. न्यायालयाने त्याचाच आधार घेतला. पुढे २०१३ साली कायदा झाला.

२०१९ साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९० क्रमांकाचा करार संमत केला. तो केवळ कारखान्यापुरता नाही. रोजंदारीची बाई, शिकाऊ मुलगी, काम शोधणारी, सर्व त्यात येतात. विश्रांतीची जागा, शौचालय, कामावर जाण्यायेण्याची वाटही येते. तक्रार होईपर्यंत मालकाने थांबू नये, कामगारांशी बोलून धोका आधीच ओळखावा, असे तो सांगतो. ज्या देशांनी तो मान्य केला त्यांच्यावरच तो बंधनकारक असतो; आपल्या हाती २०१३ चा कायदा आहे.

आता आपल्याकडे पाहा. उन्हाळ्यात तेंदूपाने तोडणाऱ्या, पावसाळ्यात रोवणीला जाणाऱ्या बायांना कार्यालय कोठले आणि समिती कोठली? दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे मालकाने तक्रार समिती नेमलीच पाहिजे. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावयाची. लिहिता येत नसेल तर समितीने लिहिण्यास मदत करावी, असे कायदाच म्हणतो.

माझी मंडळाला एकच विनंती आहे. स्थानिक समितीचा पत्ता मिळवून तो आपल्या फलकावर लावावा आणि लिहितावाचता येणाऱ्या दोन भगिनींनी तक्रार लिहून देण्याचे काम अंगावर घ्यावे. मथुरेच्या मुलखातील मंडळाला हे काम शोभून दिसेल.