कोल्हापूरचे विद्यार्थी आणि शिष्यवृत्तीच्या अटी

बारावीचा निकाल लागला की कोल्हापुरातील अनेक घरांत विद्यापीठांची पत्रे येऊ लागतात. एक विद्यापीठ गुणवत्तेच्या आधारे शिक्षण शुल्कात निम्मी सवलत देऊ करते, दुसरे पाऊण माफी देते, तर तिसरे पहिल्या वर्षी संपूर्ण माफीचे आश्वासन देते. घरातील वडीलधारी मंडळी ही पत्रे शेजारी शेजारी ठेवून टक्केवारी ताडून पाहतात आणि ज्याचा आकडा मोठा त्याकडे मन झुकते. कापडाच्या दुकानातील गिऱ्हाईकही आधी दरच विचारते. पन्हा किती आणि पहिल्या धुण्यात कापड आटणार किती, हे मात्र जाणते गिऱ्हाईकच विचारते.

या पत्रांच्या शेवटी बारीक अक्षरांत काही ओळी असतात. सवलत केवळ शिक्षण शुल्कावर आहे की वसतिगृह व भोजनालयाच्या खर्चावरही, दुसऱ्या वर्षी ती टिकण्यासाठी किती गुण हवेत, मध्येच विद्यापीठ सोडल्यास भरलेली रक्कम परत मिळणार का, हे सारे तेथे लिहिलेले असते. शिवाय एक गोष्ट त्या पत्रात मुळीच नसते. राज्य शासनाच्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला शिक्षण शुल्काची मदत मिळते. स्वयंअर्थसाहाय्यित खासगी विद्यापीठांतील प्रवेशाला ती लागू नाही. तेव्हा एक सवलत पदरात घेताना दुसरी हातची सुटते, आणि हा हिशेब बहुधा प्रवेश झाल्यावर ध्यानात येतो.

ज्या छत्रपतींचे नाव या योजनेस आहे त्यांच्या राजधानीत हा प्रश्न नवा नाही. येथील विद्यार्थी दीडशे वर्षांहून अधिक काळ शिष्यवृत्त्या घेत आले, आणि प्रत्येक शिष्यवृत्तीबरोबर एक अट चालत आली. काही अटी लेखी होत्या, काही न लिहिताच पाळायच्या होत्या.

महादेव गोविंद रानडे यांचे बालपण व आरंभीचे शिक्षण कोल्हापुरात झाले. त्यांचे वडील संस्थानच्या सेवेत होते. १८५६ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, महादेव मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाला. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ च्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या २१ विद्यार्थ्यांत रानडे होते. आरंभी त्यांना दरमहा काही रुपयांची शिष्यवृत्ती होती. पुढे ते दक्षिणा फेलो झाले आणि ही रक्कम ६० व नंतर १२० रुपयांपर्यंत गेली. त्या काळी अनेक कारकुनांचे घर पंधरा रुपयांत चाले, हे ध्यानात घेतले म्हणजे या रकमेचे मोल कळते. दक्षिणा फेलोशिपचा पैसाही मूळचा पेशवाईतला. श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा निधी इंग्रज अमदानीत ग्रंथांच्या पारितोषिकांकडे आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडे वळविण्यात आला होता.

या शिष्यवृत्तीत राजनिष्ठेची अट कोठे लिहिलेली नव्हती. परंतु रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजी राज्याशी तुलना करून मराठ्यांकडे झुकते माप दिले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांना रानड्यांविषयी कौतुक होते, तरीही जे सरकार शिक्षण देते त्याचीच निंदा करू नये असे बजावून त्यांनी रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिन्यांसाठी थांबविली. रानडे पुढे सरकारी न्यायखात्यात उच्च पदाला गेले आणि मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर त्यांनी ग्रंथही लिहिला. सहा महिन्यांची ती कपात त्यांच्या लेखणीला विशेष बाधली नाही, असेच म्हणावे लागेल.

निरनिराळी महाविद्यालये पारखून घेण्याचा प्रसंग खऱ्या अर्थाने आला तो गोपाळ कृष्ण गोखले यांच्यावर. त्यांचे वडील कागल येथे नोकरीस होते. १८७९ साली ते वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून कागलला नोकरी धरली. त्यांचा पगार पंधरा रुपये; त्यांतील आठ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावास पाठवीत आणि उरलेल्या सात रुपयांत सारे घर चालवीत. गोखल्यांची पहिली शिष्यवृत्ती ही अशी सख्ख्या भावाने दिलेली होती, आणि तिच्यात अट एकच होती: पास व्हायचे.

१८८१ साली मॅट्रिक झाल्यावर गोपाळराव राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. हे महाविद्यालय १८८० साली सुरू झालेले, म्हणजे अगदी कोवळे होते. पुढच्या वर्गाची सोय तेथे नसल्याने त्यांना पुण्याच्या डेक्कन कॉलेजात जावे लागले. काही काळ ते पुन्हा कोल्हापूरला आले आणि अखेरच्या वर्षासाठी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. तेथे त्यांना दरमहा २० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १८८४ साली, अठराव्या वर्षी, ते बी. ए. झाले.

या तीन महाविद्यालयांचा ताळा मांडून पाहण्यासारखा आहे. कोल्हापुरात खर्च सर्वांत कमी आणि भाऊ वीस किलोमीटरवर, पण वर्ग अपुरे. पुण्याला नाव मोठे, मात्र खर्चाचा बोजा पुन्हा त्याच पंधरा रुपयांवर. मुंबई सर्वांत महाग आणि सर्वांत दूर. पण तेथे वर्ड्स्वर्थ यांच्यासारखे इंग्रजीचे आणि हॉथॉर्नथ्वेट यांच्यासारखे गणिताचे अध्यापक होते आणि वर वीस रुपये मिळत. मुंबईचे वीस रुपये मुंबईतच संपत असणार. तथापि कागलच्या आठ रुपयांचे ओझे हलके झाले, आणि गोविंदरावांच्या दृष्टीने तोच मोठा लाभ होता. आजही एखाद्या घरात धाकट्याला शिष्यवृत्ती मिळते तेव्हा तिचा खरा लाभार्थी पुष्कळदा थोरला असतो. त्याचे नाव कोणत्याही यादीत नसते.

पदवीनंतर गोखल्यांनी पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीची वीस वर्षांच्या सेवेची शपथ घेतली. अल्प वेतनावरील ही बांधिलकी त्यांनी आपण होऊन पत्करली होती. त्याच संस्थेला विलायतेस जाण्यापूर्वी वचन देऊन बसलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. वरच्या पगाराच्या वाटा त्यांना मोकळ्या झाल्या होत्या, तरी ते दिलेल्या शब्दाप्रमाणे फर्ग्युसन कॉलेजात परतले.

विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापूरचे चित्र पालटले. छत्रपती शाहू महाराजांनी खेड्यापाड्यांतील मुलांसाठी वसतिगृहांना आश्रय दिला. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ साली सुरू झाले आणि त्याच सुमारास दिगंबर जैन बोर्डिंगही उभे राहिले. १८९९ साली स्तवनिधी येथे स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची, म्हणजे पुढील दक्षिण भारत जैन सभेची, प्रेरणा त्यामागे होती. त्यानंतर मुसलमान, लिंगायत, दैवज्ञ, नामदेव अशी निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली. खेड्यातून आलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला रोख शिष्यवृत्तीपेक्षा निवारा आणि दोन वेळचे जेवण अधिक मोलाचे होते, हे महाराजांनी ओळखले होते. मात्र प्रत्येक समाजाचे वसतिगृह वेगळे, म्हणून प्रत्येकाचा आचारही वेगळा, आणि त्या आचाराचे पालन हीच तेथील अट.

या अटीचा अनुभव आपल्याच समाजातील एका विद्यार्थ्यास आला. कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले भाऊराव पायगोंडा पाटील शिक्षणासाठी कोल्हापूरला जैन बोर्डिंगात राहत होते. १९०८ साली महाराजांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह काढले. भाऊराव तेथील समारंभास गेले आणि परतल्यावर स्नान करून मगच भोजनगृहात यावे हा नियम त्यांनी मानला नाही. त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. महाराजांनी त्यांना राजवाड्यात आश्रय दिला. हा प्रसंग समाजाच्या स्मरणिकांत क्वचितच येतो. तो येथे नोंदविला पाहिजे, कारण त्याच बोर्डिंगने पुढे शेकडो मुलांना घडविले हे जितके खरे, तितकाच हाही इतिहास खरा आहे. त्या काळाच्या समजुतींना अनुसरूनच बोर्डिंगने नियम लावला असेल. परंतु त्या नियमाची किंमत एका मुलाने मोजली.

लेखी कराराचा सर्वांत कठीण अनुभव घेतला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९१३ च्या जून महिन्यात त्यांनी बडोदे संस्थानाशी करार केला. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड द्यायचे आणि विद्यार्थ्याने नंतर दहा वर्षे बडोद्यास नोकरी करायची, असे त्याचे स्वरूप होते. या रकमेमुळे कोलंबिया विद्यापीठाचे दार उघडले, हे कोणीही नाकारणार नाही. तेथून ते लंडनला गेले. पण मुदत संपल्याने १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यात रुजू झाले. तेथे राहण्यास घर मिळेना, कचेरीत शिवाशिवीची वागणूक मिळे, आणि अखेर ते मुंबईस परतले. करार लिहिणाऱ्यांनी नोकरीची वर्षे मोजली होती; ज्या गावात ती नोकरी करायची तेथे या माणसाला कोणी छप्पर देईल का, याचा विचार त्या कागदात नव्हता.

१९२० साली कोल्हापूरने त्यांना हात दिला तो निराळ्या रीतीने. ‘मूकनायक’ पाक्षिकासाठी शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले. २१ व २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे भरलेल्या परिषदेस महाराज स्वतः उपस्थित राहिले. त्याच वर्षी जुलैमध्ये आंबेडकर राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी पुन्हा लंडनला निघाले. सिडनहॅम कॉलेजातील पगारातून साठविलेली रक्कम, नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज आणि महाराजांचे साहाय्य, एवढी त्यांची पुंजी होती. बडोद्याच्या मानाने ही तरतूद तुटपुंजी आणि बेभरवशाची होती. पण या वेळी कोणाच्या नोकरीचे बंधन पाठीशी नव्हते. १९२३ साली त्यांना डी. एस्सी. मिळाली.

आणि ज्या भाऊरावांना वसतिगृह सोडावे लागले होते त्यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढले. महात्मा गांधींच्या हस्ते १९२७ साली त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव देण्यात आले. येथेही अटी होत्याच, आणि त्या सौम्य नव्हत्या. मुलांनी शेतात व बांधकामावर राबायचे, आपला स्वयंपाक आपण करायचा, आणि महार, मराठा, जैन, मुसलमान अशा सर्व जातिधर्मांच्या मुलांनी एका पंक्तीला बसून जेवायचे. जेवणाआधी कोण कोठून आला आहे, हे तेथे कोणी विचारीत नसे.