एचटीएमएल ई-मेल : धोके व सुरक्षा

एचटीएमएल ई-मेल : रंग, ठळक अक्षरे, तक्ते, चित्रे आणि लिंक यांनी सजवलेला ई-मेल संदेश. वेबपाने ज्या एचटीएमएल भाषेत लिहिली जातात, त्याच भाषेत याचाही मजकूर लिहिलेला असतो. साध्या मजकुराच्या मेलमध्ये पाठवलेली अक्षरे जशीच्या तशी वाचकापुढे येतात. एचटीएमएल मेलमध्ये वाचकाला दिसते ते आणि संदेशात प्रत्यक्ष लिहिलेले असते ते वेगळे असू शकते. या प्रकारचे बहुतेक धोके याच फरकातून उद्भवतात आणि बहुतेक उपायांचा रोखही हा फरक नाहीसा करण्याकडे असतो. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील कारखानदारीत मागणीपत्रापासून बिलाच्या वसुलीपर्यंतचा व्यवहार मेलवर चालत असल्याने तेथे या विषयाला थेट आर्थिक महत्त्व आहे.

रचना व इतिहास

मेल वाहून नेणारा एसएमटीपी हा संकेत जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजात मांडला. त्यात रोमन अक्षरांपुरताच विचार होता. जून १९९२ मध्ये माइम हा संकेत प्रसिद्ध झाला आणि मेलमधून इतर लिप्या, चित्रे व फाइली पाठवण्याची वाट मोकळी झाली. मराठी मजकूर मेलमधून नीट जाऊ शकतो तो या संकेतामुळे व पुढे आलेल्या युनिकोडमुळे. त्यासाठी एचटीएमएलची गरज नसते, म्हणून साध्या मजकुराचा मेल निवडणाऱ्याला देवनागरी सोडावी लागत नाही.

एकाच मेलमध्ये साधा मजकूर आणि एचटीएमएल अशा दोन आवृत्त्या शेजारी ठेवता येतात. वाचण्याचे सॉफ्टवेअर त्यांतली एक दाखवते. दोन्हींत एकच मजकूर असावा अशी अपेक्षा असते, पण तसा तो असलाच पाहिजे अशी सक्ती कोणतीही यंत्रणा करत नाही.

मेल उघडणे निर्धोक आहे, जोडलेली फाइल उघडली तरच संकट येते, हा समज नोव्हेंबर १९९९ मधील ‘बबलबॉय’ या वर्मने मोडीत काढला. आउटलुकमध्ये संदेश उघडताच त्यातील आज्ञावली आपोआप चालत असे. सप्टेंबर २००१ मधील ‘निम्डा’ने हाच मार्ग अधिक व्यापक प्रमाणावर वापरला. त्यानंतर मेल सॉफ्टवेअरनी संदेशातील आज्ञावली चालवणे बंद केले. तरी त्रुटी सापडत राहिल्या. मे २०१८ मध्ये युरोपातील संशोधकांनी ‘ईफेल’ हा हल्ला उघड केला. कूटबद्ध केलेल्या मेलचा उलगडलेला मजकूर एचटीएमएलमधील चित्राच्या पत्त्यातून बाहेर पाठवता येतो, हे त्यांनी दाखवले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘राउंडक्यूब’ या वेबमेल सॉफ्टवेअरमधील अशी त्रुटी समोर आली की मेल नुसता ब्राउझरमध्ये पाहिला तरी घुसखोराची आज्ञावली चालत असे.

धोक्यांचे प्रकार

*दिसणारी लिंक आणि खरी लिंक.* लिंकवर लिहिलेली अक्षरे आणि ती नेते तो पत्ता यांचा एकमेकांशी संबंध असावाच लागत नाही. ओळखीच्या बँकेचा पत्ता निळ्या अक्षरांत दिसत असताना क्लिक भलत्याच ठिकाणी नेऊ शकते. त्यात फसव्या पत्त्यांची भर पडते. रोमन लिपीतील आर आणि एन शेजारी आले की एमसारखे दिसतात, आणि सिरिलिक लिपीतील काही अक्षरे रोमन अक्षरांहून डोळ्यांना वेगळी ओळखू येत नाहीत. मोबाइलवर पाठवणाऱ्याचे फक्त नाव ठळक दिसते, पत्ता झाकलेला राहतो, त्यामुळे तेथे फसवणूक अधिक सोपी होते.

*बाहेरून येणारी चित्रे.* मेलमधील चित्र बऱ्याचदा मेलमध्ये नसते. मेल उघडल्यावर ते पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागवले जाते. एक पिक्सेल आकाराचे अदृश्य चित्र ठेवले, की मेल केव्हा उघडला, कोणत्या इंटरनेट पत्त्यावरून आणि कोणत्या उपकरणावर, हे पाठवणाऱ्याला कळते. पत्ता चालू आहे, याची खात्री फसवणूक करणाऱ्यालाही अशीच मिळते. जीमेल डिसेंबर २०१३ पासून चित्रे स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणते. त्यामुळे वाचकाचा इंटरनेट पत्ता झाकला जातो, पण मेल उघडल्याची खूण तरीही पोहोचू शकते.

*दडवलेला मजकूर.* पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे किंवा शून्य आकाराची अक्षरे वापरून गाळणी यंत्रणेला एक मजकूर आणि माणसाला दुसरा दाखवता येतो. जर्मनीतील लुट्रा सिक्युरिटी या संस्थेने २०२४ मध्ये याचे एक गंभीर रूप दाखवले : साहेबांना निरुपद्रवी दिसलेला मेल त्यांनी पुढे पाठवताच, पाठवण्यात बदललेल्या मांडणीमुळे दडलेला परिच्छेद लेखा विभागाला दिसू लागतो. तेथे तो साहेबांचाच आदेश वाटतो. मेलचा सारांश काढणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनाही दडवलेल्या सूचनांनी फसवता येते. जून २०२५ मध्ये उघड झालेली, मायक्रोसॉफ्टच्या कोपायलटमधील ‘एकोलीक’ ही त्रुटी या प्रकारची होती. मायक्रोसॉफ्टने ती दुरुस्त केली.

*एचटीएमएल व एसव्हीजी अटॅचमेंट.* मेलमध्ये आज्ञावली सहसा चालत नाही, पण मेलला जोडलेली एचटीएमएल किंवा एसव्हीजी फाइल ब्राउझरमध्ये उघडते आणि तेथे ती चालते. ‘इनव्हॉइस’ म्हणून आलेली अशी फाइल उघडल्यावर बँकेच्या किंवा मेलसेवेच्या लॉगिनचे हुबेहूब पान दिसते आणि त्यात भरलेला पासवर्ड थेट फसवणूक करणाऱ्याकडे जातो. मेलमध्ये क्यूआर कोडचे चित्र देऊन वाचकाला कंपनीच्या सुरक्षित संगणकावरून स्वतःच्या मोबाइलवर वळवण्याची रीतही वाढली आहे.

छत्रपती संभाजीनगरचा संदर्भ

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि रेल्वे स्टेशन परिसरातील औद्योगिक वसाहती व शेंद्रा-बिडकीन येथील ऑरिक औद्योगिक नगरी ही शहराच्या कारखानदारीची मुख्य क्षेत्रे होत. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची साखळी उभी राहिली. अशा साखळीत पीओ (मागणीपत्र), ड्रॉइंग, कोटेशन, ई-वे बिल, जीएसटीची कागदपत्रे आणि पेमेंटची सूचना मेलवरच येते. मोठ्या कंपनीत प्रत्येक कामाला स्वतंत्र विभाग असतो. लहान व्हेंडरकडे मात्र हे सर्व मेल एकच लेखापाल हाताळतो आणि महिन्याच्या अखेरीस त्याच्यापुढे त्यांचा ढीग असतो. कंपनीचा लोगो, ओळखीची सही आणि जुन्या पत्रव्यवहाराचा धागा दिसला की मेल खरा मानला जातो.

फसवणूक नेमकी येथे होते. घुसखोर आधी पुरवठादार आणि खरेदीदार या दोघांपैकी एकाचा मेलबॉक्स फिशिंगने, म्हणजे फसव्या मेलने पासवर्ड काढून घेऊन, ताब्यात घेतो, पत्रव्यवहार शांतपणे वाचत राहतो आणि पेमेंटची तारीख जवळ आली की त्याच लोगोसह, त्याच धाग्यात, बँक खाते बदलल्याचे कळवतो. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ मध्ये नोंदलेल्या अशा व्यावसायिक मेल फसवणुकींत सुमारे २.९ अब्ज डॉलरचे नुकसान झाले. शहराच्या नामांतराला फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मान्यता मिळाल्यानंतर लेटरहेड, पत्ते व नोंदी बदलण्याचे काम टप्प्याटप्प्याने होत राहिले. अशा काळात ‘आमचा तपशील बदलला आहे’ हे वाक्य सहज पटते. म्हणून खात्याच्या तपशिलातील कोणताही बदल मेलच्या बाहेर पडताळणे आवश्यक ठरते.

महाराष्ट्रातील प्रकरणे

पूना ऑटो अँसिलरीज या पुण्यातील कंपनीच्या पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून, फिशिंग मेलला प्रतिसाद दिल्यानंतर, ८०.१० लाख रुपये काढले गेले. महाराष्ट्राचे तत्कालीन माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अग्रवाल यांनी न्यायनिर्णय अधिकारी म्हणून २०१३ मध्ये बँकेला ४५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. फसव्या खात्यांबाबत बँकेने पुरेशी दक्षता घेतली नाही, असे त्यात ठरले. मेलला प्रतिसाद दिल्याने तक्रारदारावरही नुकसानीचा काही भार राहिला. वाहनांच्या सुट्या भागांच्या उद्योगासाठी हा निवाडा विशेष बोलका आहे.

२०१५ मध्ये ओएनजीसीच्या मेल पत्त्यातील जी आणि एन या अक्षरांची अदलाबदल करून केलेल्या पत्त्यावरून सौदी अरामकोला दुसरे बँक खाते कळवण्यात आले. नॅफ्थाच्या सुमारे १९७ कोटी रुपयांच्या देयकाबाबत मुंबईत पोलिसांकडे तक्रार झाली.

भीमा-कोरेगाव प्रकरणातील एका आरोपीच्या लॅपटॉपची तपासणी आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी न्यायवैद्यक संस्थेने केली. जून २०१६ मधील एका मेलमध्ये ड्रॉपबॉक्सची वाटणारी लिंक प्रत्यक्षात घुसखोराच्या सर्व्हरकडे नेत होती आणि तेथून ‘नेटवायर’ हे मालवेअर आले, असा निष्कर्ष तिने फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात काढला. राष्ट्रीय तपास संस्थेने तो मान्य केलेला नाही.

धोके कमी करण्याचे उपाय

*वाचताना.* मेल साध्या मजकुरात पाहणे हा सर्वांत थेट उपाय होय. थंडरबर्डमध्ये ‘व्ह्यू’ मेनूतील ‘मेसेज बॉडी अ‍ॅज’ येथे, तर पारंपरिक आउटलुकमध्ये ‘ट्रस्ट सेंटर’च्या ‘ई-मेल सिक्युरिटी’ भागात ही सोय आहे. असे केल्यावर लिंकचा खरा पत्ता उघडा पडतो आणि बाहेरची चित्रे येत नाहीत. जीमेलमध्ये निदान बाहेरची चित्रे विचारल्याशिवाय न दाखवण्याचा पर्याय निवडावा. शंका आल्यास ‘शो ओरिजिनल’ उघडावे. तेथे संदेशाचे मूळ रूप आणि पाठवणाऱ्याच्या पडताळणीचा निकाल दिसतो. संगणकावर लिंकवर नुसता माउस ठेवून, तर मोबाइलवर लिंक दाबून धरून तिचा पत्ता वाचावा. बँक, जीएसटी व आयकर यांची संकेतस्थळे मेलमधून कधीही उघडू नयेत. पत्ता स्वतः टाइप करावा. रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या राखीव डोमेनवर येण्यास सांगितले होते. खरी बँक ओळखण्याची ही एक सोपी खूण आहे.

*पाठवताना.* खऱ्या कंपन्यांनी सजवलेले, बटणांनी भरलेले मेल पाठवणे कमी केले, तर ग्राहकांनाही मेलमधील बटणे विश्वासाने दाबण्याची सवय लागत नाही. पेमेंटविषयीचा पत्रव्यवहार साध्या मजकुरात ठेवावा. खात्यातील बदल केवळ मेलने कळवला जाणार नाही, हे करारात व बिलावर छापावे.

*डोमेन व मेलबॉक्स.* मेल खरोखर त्याच डोमेनचा आहे का, हे घेणाऱ्याला पडताळता यावे म्हणून कंपनीच्या डोमेनला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी असाव्यात. डीमार्कचे धोरण आधी केवळ निरीक्षणाचे ठेवून, अहवाल तपासून, पुढे खोटे मेल नाकारण्यापर्यंत न्यावे. यामुळे कंपनीच्या नेमक्या नावाने मेल पाठवणे अवघड होते. मिळत्याजुळत्या नावाचे दुसरे डोमेन किंवा आधीच ताब्यात गेलेला मेलबॉक्स यांवर मात्र त्याचा इलाज चालत नाही. मेलबॉक्स ताब्यात जाऊ नये म्हणून प्रत्येक मेलबॉक्सला दोन टप्प्यांची ओळखपडताळणी, शक्य तेथे पासकी, लावावी आणि मेल आपोआप बाहेर वळवणारे नियम वेळोवेळी तपासावेत. बाहेरून येणाऱ्या एचटीएमएल व एसव्हीजी अटॅचमेंट सर्व्हरवरच अडवता येतात.

*पेमेंट करताना.* खाते बदलल्याचा मेल आला, की पार्टीला फोन करावा. नंबर मात्र त्या मेलमधला घेऊ नये, आपल्याकडे आधीपासून नोंदलेला वापरावा. ठरावीक रकमेवरील पेमेंटला दोन व्यक्तींची मंजुरी असावी. रिझर्व्ह बँकेच्या ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकानुसार आरटीजीएस व एनईएफटीने पैसे पाठवण्यापूर्वी लाभार्थी खातेदाराचे नाव पाहण्याची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यायची होती. ती प्रत्येक वेळी वापरावी. या उपायांना नवे सॉफ्टवेअर लागत नाही, म्हणून चार कामगारांच्या वर्कशॉपलाही ते पाळता येतात. घाईच्या मेलसमोर थांबून फोन करणाऱ्या लेखापालाला मालकाने पाठबळ देणे हा त्यांचा अविभाज्य भाग आहे. साधा मजकूरही खोटे बोलू शकतो. ते खोटे अशा फोननेच पकडले जाते.

कायदा व तक्रार

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६सी नुसार दुसऱ्याचा पासवर्ड वा ओळख अप्रामाणिकपणे वापरणे आणि कलम ६६डी नुसार संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणे यांना तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालीही येतो. पाच कोटी रुपयांपर्यंतच्या भरपाईचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे करता येतो.

पैसे गेल्याचे लक्षात येताच बँकेला कळवून १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यात थोपवण्याची शक्यता सुरुवातीच्या तासांतच अधिक असते. संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तालयाचे स्वतंत्र सायबर पोलीस ठाणे आहे. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी फिशिंगसह ठरावीक सायबर घटना सहा तासांत कळवणे आणि संगणकीय नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. फसवा मेल रागाने वा भीतीने डिलीट करू नये. तो मूळ स्वरूपात फाइल म्हणून जतन करून तपास अधिकाऱ्यास द्यावा : स्क्रीनशॉटमध्ये फक्त वाचकाला दिसलेला भाग येतो, तर पाठवणाऱ्यापर्यंत नेणारे सर्व्हरचे पत्ते, वेळा आणि खऱ्या लिंक मूळ संदेशातच असतात.