फेम्टोस्कोपी

उच्च ऊर्जेच्या टकरीतून कण ज्या उगमातून बाहेर पडतात, त्याचा आकार कणजोड्यांवरून ठरविण्याची पद्धती. हे उगम काही फेम्टोमीटर (मीटरच्या अब्जांशाचा दशलक्षांश) एवढेच असल्याने थेट पाहता येत नाहीत.

तत्त्व : टकरीतून निघणारे पायॉन हे कण बोस-आइन्स्टाइन सांख्यिकी पाळतात, म्हणून जवळजवळ सारख्या संवेगाचे एकाच प्रकारचे दोन पायॉन अपेक्षेपेक्षा अधिक वेळा जोडीने आढळतात. एका टकरीतील जोड्यांच्या वितरणाला निरनिराळ्या टकरींतील कण जुळवून केलेल्या जोड्यांच्या वितरणाने भागतात. सापेक्ष संवेग शून्याजवळ असता या गुणोत्तराला शिखर येते. शिखर जितके अरुंद, तितका उगम मोठा. विद्युतभारांच्या प्रतिकर्षणाची दुरुस्ती आवश्यक असते. उगम पसरत असल्यास संपूर्ण आकार मिळत नाही; सारख्या संवेगाचे कण देणारा भागच मोजला जातो.

इतिहास : हॅनबरी ब्राउन व ट्विस यांनी १९५६ मध्ये प्रकाशतीव्रतेच्या सहसंबंधावरून व्याध ताऱ्याचा कोनीय व्यास मोजला. १९६० मध्ये गर्सन व सुलामिथ गोल्डहाबर, ली आणि पाइस यांनी प्रोटॉन-प्रतिप्रोटॉन विलोपनातील पायॉनांचे सहसंबंध बोस-आइन्स्टाइन सांख्यिकीने स्पष्ट केले. आयआयटी मुंबईचा सहभाग असलेल्या सर्नच्या ॲलिस प्रयोगाने २०११ मध्ये शिसे-शिसे टकरींसाठी सारख्या संवेगाचे कण देणाऱ्या भागाचे घनफळ सु. ३०० घन फेम्टोमीटर दिले.